वेंकोबराव आणि पलीकडची गाडी

वेंकोबराव कुठल्याही वाहनात बसण्याआधी त्याची छाती तपासत.

त्यासाठी त्यांच्याकडे एक सागवानी काठी होती. तिचं एक टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि ओठ जरासे पुढे काढून उभं राहायचं. मग ती रिक्षा असो, लग्नाची टॅक्सी असो, नाहीतर सरस्वतीपुरमहून मार्केटकडे जाणारी सिटी बस असो. रिक्षावाले हसून सोडून देत. बसचा कंडक्टर मात्र दारात लटकून ओरडे, "हत्ति सार, हत्ति!"

कन्नडमध्ये 'हत्ति' म्हणजे 'चढा'. पुण्याहून आलेली माझी मावशी एकदा त्या थांब्यावर होती. तिने घाबरून मागे वळून पाहिलं. म्हैसूरचंच गाव, खरोखरच हत्ती येत असला तर काय घ्या!

वेंकोबराव चढत नसत. कानावरची काठी खाली घेत, ड्रायव्हरकडे एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघत आणि म्हणत, "गिअरबॉक्स रडतोय हिचा. तुम्ही जा सावकाश." मग स्वतः चालत निघत. ती बस पुढे कित्येक वर्षं त्याच रस्त्यावर बिनतक्रार धावली. मी हे त्यांच्या निदर्शनास आणून दिलं तेव्हा म्हणाले, "चालते ते तिचं पुण्य, मेष्ट्रे. माझं निदान चुकलेलं नाही."

मेष्ट्रे म्हणजे मी. मी हायस्कुलात इतिहास शिकवतो, आणि आमच्याकडे मास्तरांना मेष्ट्रेच म्हणतात. वेंकोबरावांचं आणि माझं, दोघांचीही घराणी पिढ्यान्पिढ्या म्हैसुरात. आमचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं. वाक्य मराठीत निघतं आणि समोरच्यापर्यंत पोहोचेतो निम्मं कन्नड झालेलं असतं. 'थोडं' म्हणायला आम्ही 'स्वल्प' म्हणतो, 'उगाच'ला 'सुम्ने', आणि विषय संपला हे सांगायचं असेल तर 'अष्टे'. वेंकोबरावांच्या बोलण्यात या तीन शब्दांनी फार मोठं काम केलं होतं. त्यांनी लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "वेळ झाला नाही. अष्टे."

वेळ कुठे गेला ते मात्र ते आपणहून सांगत. मद्रासकडच्या एका मोटारीच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. स्वातंत्र्यानंतर देशात मोटारी बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांच्यातली चुरस मात्र दोन विहिणींसारखी. वेंकोबराव होते प्रयोग विभागात. समोरच्या कंपनीने नवी गाडी काढली, की ह्यांची कंपनी कुणातरी डॉक्टरच्या नावावर ती गुपचूप विकत घेई आणि वेंकोबरावांच्या स्वाधीन करी. आधी चालवायची, मग सोलायची. 'सोलायची' हा त्यांचाच शब्द. नट न् नट वेगळा करून पांढऱ्या चादरीवर मांडायचा आणि साहेबांना सांगायचं, त्यांनी काय केलंय आणि का केलंय.

समोरच्या कंपनीचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलं नाही. ते तिला 'पलीकडचे' म्हणत. आता ती कंपनीही नाही आणि ह्यांचीही नाही. पण वेंकोबरावांच्या लेखी पलीकडचे अजून पलीकडेच होते.

आणि त्या पलीकडच्यांत एक पलीकडचा होता.

हे प्रकरण मला समजायला बरेच रविवार लागले. रविवारी सकाळी ते माझ्या व्हरांड्यात कॉफीला येत. पहिल्या घोटानंतर बोलायला लागत ते त्या माणसाबद्दल. ह्यांनी ज्या ज्या गाड्या सोलल्या त्या सगळ्यांत त्यांना एकच हात दिसला होता. ग्रीस भरायची टोकं नेहमी बाहेरच्या अंगाला वळवलेली, मेकॅनिकला गाडीखाली उताणं पडायला लागू नये म्हणून. दाराच्या तळाशी पावसाचं पाणी निघून जायला भोक, आणि त्या भोकाला बारीकसा ओठ, चिखल आत येऊ नये म्हणून.

"साहेब म्हणाले, वेंकोबराव, तिथे शंभर इंजिनिअर आहेत," ते सांगत. "मी म्हटलं, असतील की शंभर. हट्ट एकाचाच आहे."

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या एकाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, नाव ठाऊक नव्हतं. पण माहिती सगळी होती. तो बुटका होता. ("ड्रायव्हरची सीट बघा, गरजेपेक्षा बोटभर उंच." मी म्हटलं, गिऱ्हाइकांसाठी केली असेल. "स्वतःची पाठ विसरून सीट करणारा इंजिनिअर मी बघितलेला नाही, मेष्ट्रे.") त्याला वारा सोसत नसे, कारण काचेच्या फटी तो वेड लागल्यासारखा बुजवत असे. आणि एका वर्षी त्याचं काहीतरी बिनसलं होतं, कारण त्या वर्षीच्या गाडीत सगळे स्क्रू उगीचच फार आवळलेले होते.

त्याच्याबद्दल बोलताना वेंकोबराव शिव्याच देत. "हट्टी. मठ्ठ. अक्कल आहे, पण दाखवायची हौस नाही, हा काय गुण झाला?" पण वैशाखात ऊन तापलं की मधेच म्हणत, "तिकडे त्याच्याकडे पण तापलं असेल." एखाद्या दूरच्या भावाबद्दल म्हणावं तसं.

अशात एका सकाळी आमच्या समोरच्या घरापुढे एक ट्रक उभा राहिला आणि त्यातून पलीकडची गाडी उतरली.

समोरच्या घरात मेधाताई नव्याने राहायला आल्या होत्या. पुण्याच्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या, इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला, एकट्या. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ, की त्यांच्याशी बोलताना मला इस्त्रीचा शर्ट घालावासा वाटे. गाडी त्यांच्या वडिलांची होती. साईच्या रंगाची, मागून गोल, पुढे दोन डोळे वटारलेली, पस्तीस-एक वर्षांपूर्वीची. ती अंगणात उभी राहिली आणि तिच्यावर ताडपत्री आली.

वेंकोबरावांनी ती पाहिली नाही. म्हणजे इतक्या प्रयत्नपूर्वक पाहिली नाही, की सगळ्या गल्लीला कळलं. समोरून जाताना ते ऊन नसतानाही छत्री उघडत आणि ती डाव्या बाजूला कलती धरत. परतताना उजव्या बाजूला.

मग एका संध्याकाळी मेधाताई माझ्याकडे आल्या. चेहरा ओढलेला होता.

"बंगळूरचा एक हॉटेलवाला येऊन गेला," त्या म्हणाल्या. "गाडीचं पुढचं अर्धं कापून भिंतीत बसवणार आहे. त्याच्यावर काउंटर करणार. हेडलाइट चालू ठेवीन म्हणाला."

"मग?"

"मी विचार करते म्हटलं. मला चालवता येते, बाकी गाडीतलं काही कळत नाही हो. ती गाडी म्हणून जगण्यासारखी असेल तर ठेवीन. नसेल, तर निदान हेडलाइट तरी लागतील. कुणी जाणकार आहे का इथे? तटस्थ?"

"जाणकार आहे," मी म्हटलं. "तटस्थ नाही."

वेंकोबरावांनी ऐकताक्षणी हात झटकले. "बेडा, बेडा, नको. पलीकडची गाडी मी आता कशाला बघू? पगार कोण देतं मला त्याचा?" मग कॉफी संपवली, चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले आणि वळले. "कुठल्या वर्षाची आहे? सुम्ने विचारलं."

रविवारी सकाळी मी उठायच्या आत ते समोरच्या फाटकाशी हजर होते. खाकी पँट, कॅनव्हासची टोपी, हातात काठी. म्हैसूरला थंडीच्या दिवसांत सकाळी धुकं पडतं, गल्लीतली झाडं अर्धी पुसल्यासारखी होतात. त्या धुक्यात मेधाताईंनी ताडपत्री ओढली. वेंकोबराव दोन पावलं मागे सरले. मग पुढे होऊन त्यांनी टपावरून तळहात फिरवला, दव पुसल्यासारखा.

त्यांनी बॉनेट उघडलं आणि आतली आधाराची दांडी डाव्या हाताने उचलली.

"उजव्याने उचला, अंगठा सापडतो," ते मला म्हणाले. "माझा किती वेळा सापडलाय. डाव्याने बघा, लोण्यासारखं. हा माणूस डावखुरा. वाद नको."

मेधाताईंच्या हातातली किल्ली तशीच राहिली. "कोण माणूस?"

"आहे एक पलीकडचा," वेंकोबराव म्हणाले आणि काठी कानाला लावून डोळे मिटले. मेधाताईंनी इंजिन सुरू केलं. बराच वेळ त्यांनी ऐकलं. शेवटी मी विचारलं, "काय म्हणतंय?"

"खोकला आहे. जुना आहे. पण बोलायची इच्छा आहे."

चामुंडी डोंगराच्या चढावर नेऊन बघू या, असं मी सुचवलं. मला ते फार तांत्रिक वाटलं होतं. वेंकोबरावांनी माझी कीव केली. "चढावर काय, कुठलीही गाडी शूर होते. स्वभाव सपाट रस्त्यावर कळतो. तुम्ही मागे बसा आणि हा पेपर वाचा. मोठ्याने."

"कशाला?"

"तुमच्या आवाजात कंप किती येतो ते ऐकायचंय. आम्ही असंच करायचो. माणसाचा गळा खोटं बोलतो, पण थरथर खोटी नसते."

आणि अशा रीतीने मी, एक इतिहासाचा शिक्षक, नंजनगूड रस्त्यावर कन्नड पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती खणखणीत आवाजात वाचत निघालो. गाडी वेंकोबराव चालवत होते, शेजारी मेधाताई.

"वर पाहिजे," मी वाचलं. "मुलगी गोरी, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष. सरकारी नोकरी असलेल्यास..."

"थांबा. 'सरकारी'तला 'र' हलला. परत म्हणा."

"सरकारी."

"हं. मागचा डावा स्प्रिंग. पुढे."

"विधुर चालेल."

"हा स्वच्छ आला. चांगला रस्ता आहे हा."

एकीकडे त्यांचं दुसरं संभाषण चालू होतं, ते समोरच्या काचेशी. "का रे, एवढं हलकं स्टेअरिंग? लोणी कापायचंय काय तुला? ... आणि हा आरसा इथे? बरं. बरं, इथून दिसतंय खरं. पण सांगायचं होतंस की कुणाला तरी!" गाडीने एका म्हशीसाठी ब्रेक लावला, तेव्हा ती दचकली नाही, नुसती थांबली. वेंकोबरावांनी हुं केलं. "रागवत नाही ब्रेक त्याचा. सांगून थांबतो."

कडकोळच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. कारखान्यांकडे जाणारे ट्रक धुक्यात दिवे लावून उभे होते. वेंकोबराव उतरले आणि वाकून गाडीच्या पोटाखाली बघू लागले. मेधाताई मागे वळल्या.

"ते कोणाशी बोलतायत?"

मी सांगितलं. चादरीवर मांडलेले नट, ग्रीसची टोकं, बुटका, वारा न सोसणारा, सगळं. सांगताना मला हसू येत होतं.

त्या हसल्या नाहीत. "कधी भेटलेत त्यांना?"

"कधीच नाही. नावसुद्धा माहीत नाही."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. आगगाडी गेली, फाटक उघडलं, वेंकोबराव गुडघ्यावरची माती झटकत आत आले. "टोकं सगळी बाहेरच्या अंगाला," ते समाधानाने म्हणाले आणि पहिला गिअर टाकला.

पुढचं मला नीटसं आठवत नाही, कारण तिथूनच ते दिवसभर न संपणाऱ्या स्वप्नासारखं झालं. कडकोळहून आम्ही वरुणेच्या तळ्याच्या बाजूला आडरस्त्याला लागलो. दोन्हीकडे ऊस. मधूनमधून भाताची शेतं, कापून झालेली, त्यांच्यावर दुधाच्या सायीसारखं धुकं बसलेलं. दुधाच्या कॅन लावलेला एक सायकलवाला धुक्यातून निघाला, आमच्याकडे बघून घंटी वाजवली आणि परत धुक्यात गेला. गाडी खड्ड्यांतून जात होती, पण खड्डे कुठेतरी खाली राहत होते. वरती नुसतं हेलकावणं पोहोचत होतं, बोट किनाऱ्याला बांधलेली असावी तसं. मी वाचत होतो. वधू पाहिजे, वर पाहिजे, घटस्फोटित चालेल, गोत्र अमुक. हळूहळू त्या सगळ्या वधू आणि सगळे वर उसातून बाहेर येऊन रस्त्याच्या कडेने चालायला लागले आणि आम्हाला हात करू लागले.

जाग आली ती शांततेने. गाडी थांबली होती. बाहेर वरुणेचं तळं, सपाट आणि राखाडी, काठावर पांढरे पक्षी. वेंकोबराव आणि मेधाताई एका झाडाखाली उभे.

"झोपलात तुम्ही," वेंकोबराव खिडकीशी येऊन म्हणाले.

"माफ करा. काल पेपर तपासत..."

"पेपर नाही, मेष्ट्रे. गाडी." त्यांचा आवाज विचित्र होता. "आमच्या गाडीत कुणी झोपलं नाही कधी. सगळी नोकरी मी तेच करत होतो. जाडे स्प्रिंग घालून बघितले, पातळ घालून बघितले. आमचे साहेब मागे बसायचे. कधी झोपले नाहीत."

मी उतरायला गेलो. दाराचं हँडल हाताला लागेना. कमरेशी चाचपलं, सीटशेजारी चाचपलं. वेंकोबरावांचा चेहरा एकदम उजळला.

"बघा! बघा!" ते टाळी वाजवून म्हणाले. "सापडत नाही ना? वर बघा. काचेच्या पट्टीला लागून. सापडलं? मनगट मुरगळून उघडावं लागतं. ही एक चूक त्याची. ही मी कधी माफ केली नाही!"

मनगट मुरगळून मी बाहेर आलो. वेंकोबराव आता मेधाताईंना समजावत होते. "पहिल्या गाडीत हँडल खाली होतं, चारचौघांच्या गाडीत असतं तसं. पुढच्या वर्षी एकदम वर गेलं. फक्त मागच्या दारांचं. मला साहेबांनी विचारलं, का केलं? मी म्हटलं, माहीत नाही. माझ्या नोकरीत एवढ्या एकाच प्रश्नाला मी माहीत नाही म्हटलं. आम्ही हसलो खूप. म्हटलं, पलीकडे मागच्या सीटवर राक्षस बसवतात काय!"

"ते माझ्यामुळे आहे," मेधाताई म्हणाल्या.

वेंकोबराव हसत होते ते तसेच राहिले.

"मी चार वर्षांची होते. आमच्या आधीच्या गाडीत मागे उभी होते, सीटला धरून. हँडल माझ्या पोटाशी यायचं. मी ते ओढलं." त्यांनी हनुवटी जराशी वर केली. खाली एक जुना, पांढरा पडलेला व्रण होता. "गाडी चालू होती. बाबा चालवत होते."

"कुठले बाबा?" वेंकोबरावांनी विचारलं. खरोखरच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"माझे बाबा, काका. विनायक घैसास. ते त्याच कारखान्यात होते. ही गाडी त्यांनी घेतली नव्हती, केली होती." मग त्या थांबून म्हणाल्या, "तुमचे पलीकडचे."

वेंकोबरावांनी टोपी काढली. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी बॉनेटवर ठेवली.

मेधाताई तळ्याकडे बघून बोलत होत्या. "मी हॉस्पिटलात होते आणि दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले. आई हे शेवटपर्यंत विसरली नाही. भांडली नाही कधी. पण पाहुण्यांना सांगायची, पोरगी हॉस्पिटलात आणि हे कारखान्यात. बाबा ऐकून घ्यायचे. मी पण तेच धरून मोठी झाले. मला वाटायचं, ह्यांना माझ्यापेक्षा गाड्या जवळच्या. ते हँडल वर का, हे मी कधी विचारलंच नाही. मला वाटलं, सगळ्याच गाड्यांना असतं."

"अम्मा," वेंकोबराव म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "हँडल वर न्यायचं म्हणजे दाराचा साचा बदलायचा. साचा बदला म्हटलं की कंपनी अंगावर येते. मी एकदा वायपरसाठी भांडलो, तर माझी बढती राहून गेली. ह्यांनी दार बदलून घेतलं. फक्त तुमच्या गाडीचं नाही. सगळ्यांच्या. दुसऱ्या दिवशी गेले म्हणता, तर जाणारच की. एक दिवस घरी बसले असते तर तेवढी दारं जुनीच बाहेर पडली असती. त्यांच्यामागे पण कुणाची तरी मुलगी उभी असणार."

"घरी सांगायचं होतं," मेधाताई म्हणाल्या.

"सांगणार नाही तो." वेंकोबराव पटकन म्हणाले. मग चूक लक्षात येऊन, "सांगणार नाहीत ते. त्या जातीचे नव्हेत. दाखवायची हौस नाही, हे मी मेष्ट्रेंना किती वेळा म्हटलं."

मेधाताईंनी गाडीचं मागचं दार उघडलं. वरच्या हँडलवर त्यांनी हात ठेवला, मग तो खाली, जुन्या जागी नेला. पाण्यावरचे दोन पक्षी उठले, एक चक्कर मारून पुन्हा तिथेच बसले.

"आता कुठे असतात?" वेंकोबरावांनी विचारलं.

"गेल्या वर्षी गेले."

वेंकोबरावांनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग झाडाच्या मुळावर जाऊन बसले. काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली आणि तिच्याशी बोलावं तसं बोलू लागले. "दिल्लीला एकदा मोटारींचं प्रदर्शन होतं. आम्ही पण गेलो होतो, पलीकडचे पण. त्यांच्या मांडवात एक बुटकासा माणूस लोकांना इंजिन दाखवत होता. लोक पुढे येऊन बघायचे, हा बाजूला सरायचा. मी खांबाआड उभा राहून बघितलं. म्हटलं, हाच. जावं आणि म्हणावं, ते दाराखालचं भोक फार चांगलं आहे. नाही गेलो. साहेबांचं भय होतं म्हणून स्वतःला सांगत आलो इतकी वर्षं. साहेब तिथे नव्हतेच. मलाच पहिलं वाक्य सुचेना. अष्टे."

मेधाताई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

त्या म्हणाल्या, "मग काका, गाडीचं काय करू?"

वेंकोबरावांनी वर पाहिलं. प्रश्न त्यांना जरा अपमानकारकच वाटला असावा. "चालवायची. गाडीचं आणखी काय करतात? डावा स्प्रिंग मी बघतो. खोकला पण बघतो. आणि त्या बंगळूरवाल्याला सांगा, भिंतीत बसवायला पंखा मिळतो बाजारात."

परतताना मेधाताईंनी गाडी चालवली. वेंकोबराव माझ्याशेजारी मागे बसले. मला कुणी वाचायला सांगितलं नाही. धुकं विरलं होतं, उसाच्या पात्यांवर ऊन आलं होतं, तरी सगळं अजून अर्धवट झोपेतलं वाटत होतं. वेंकोबराव पुढच्या सीटला धरून, जरा पुढे झुकून, एकेक विचारत होते. गाड्यांबद्दल एकही शब्द नाही.

"जेवायला काय आवडायचं?"

"पिठलं. गरम भाकरी असेल तर आणखी काही नको."

"गाणं म्हणायचे?"

"अंघोळ करताना. फार वाईट."

"वाऱ्याला कानाला काही बांधायचे का?"

"मफलर! उन्हाळ्यातसुद्धा. तुम्हाला कसं..." मेधाताई हसल्या आणि मग मनगटाने डोळे पुसले. आता त्या विचारू लागल्या. एक साल सांगितलं, त्या साली आई माहेरी निघून गेली होती. वेंकोबरावांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "हं. त्या वर्षीचे स्क्रू. फार आवळलेले होते." कडकोळपासून म्हैसुरापर्यंत हे असंच चाललं. एकाने अर्धा माणूस पाहिला होता आणि दुसरीने उरलेला अर्धा. दोघं मिळून त्याला जोडत होते.

घरी पोहोचल्यावर मेधाताईंनी आम्हाला कॉफीला आत बोलावलं. पुढच्या खोलीत भिंतीवर फोटो होता. कपाळ मोठं, चष्मा जाड, गळ्याशी मफलर. वेंकोबराव उंबऱ्यातच थांबले. चपला काढल्या. टोपी काखेत धरली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फोटोपुढे जाऊन उभे राहिले.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी वेंकोबराव. प्रयोग विभाग." मग जरा थांबून म्हणाले, "स्वल्प उशीर झाला."

मेधाताईंनी मला खूण केली. आम्ही दोघं कप घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसलो. आतून त्यांचा आवाज येत राहिला, हळू, न भांडता. मधूनमधून ते थांबत होते, समोरच्याला बोलायला जागा ठेवावी तसे.